पहिल्या नंबरचा चॅलेंजर

मला तो माणूस पहिल्या भेटीतच आवडला नव्हता, आणि पुढे माझं मत बदलावं असं त्यानं एकही काम केलं नाही.

मोहालीत त्याच्या नव्या जिमचं उद्घाटन होतं. काळ्या काचा, जांभळे दिवे, भिंतीवर त्याचाच दोन मजली फोटो. वडलांचा ट्रकांचा धंदा, काका राजकारणात, आणि हा स्वतः साडेत्रेसष्ट किलो वजनगटात देशाचा व्यावसायिक बॉक्सिंग चॅम्पियन. माझा नवरा त्याच वजनगटात लढायचा, म्हणून आम्हाला बोलावणं होतं. त्यानं सगळ्यांसमोर नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "फौजी साब, जब मर्ज़ी आ जाओ. मैं तो तैयार बैठा हूँ."

पुढची दोन वर्षं तो बसलेलाच होता. तयार काही झाला नाही.

मी सांगलीची. चंदीगडला आले ती सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत पीएचडी करायला, आणि तिथेच नोकरीला लागले. नवरा तासगाव तालुक्यातला. अठराव्या वर्षी फौजेत भरती झाला, तिथं बॉक्सिंग शिकला आणि सेनादलाच्या संघातून खेळला. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. आरतीनंतर सगळे पुलावावर तुटून पडले होते आणि एक माणूस कोपऱ्यात उभा राहून नुसती काकडी खात होता. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "वजन उतरवायचंय. बोलू नगा, भूक लागती." डॉक्टरेट करणाऱ्या मुलीनं हवालदाराशी लग्न करावं हे माझ्या आईला पटायला चार वर्षं लागली. त्याच्या आईला तर ते अजून पटलेलं नाही.

पंधरा वर्षांची नोकरी आणि पेन्शन झाल्यावर तो बाहेर पडला. तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. फौजेत असताना व्यावसायिक लढती करता येत नव्हत्या, म्हणून त्याची खरी सुरुवात अशा वयात झाली, जेव्हा बाकीचे हातमोजे खुंटीला टांगतात. मोहालीत टाइल्सच्या गोदामामागे एक पत्र्याची शेड होती. तिथं एक म्हातारे पंजाबी प्रशिक्षक शिकवायचे. आम्ही त्यांना कोचसाहेब म्हणायचो. नवरा सकाळी तिथं कॉलेजच्या पोरांना शिकवायचा आणि संध्याकाळी स्वतः घाम गाळायचा. दोन वर्षांत सात लढती केल्या आणि सातही जिंकल्या. मग संघटनेचं पत्र आलं की आमच्या वजनगटात तो आता पहिल्या नंबरचा चॅलेंजर आहे.

त्या पत्रात एक शब्द होता, मँडेटरी. चॅम्पियननं पहिल्या नंबरच्या चॅलेंजरशी नऊ महिन्यांच्या आत लढलंच पाहिजे, नाहीतर बेल्ट काढून घेतला जाईल, असा संघटनेचा नियम. मी नियमपुस्तक डाउनलोड केलं आणि ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याच्याखाली पोटकलमं होती. ती मी तेव्हा वाचली नाहीत. नंतर तीच पाठ झाली.

नवऱ्याचं इंग्रजी कामापुरतं. त्यामुळे पत्रव्यवहार माझ्याकडे आला. दिवसा प्रयोगशाळेत बुरशीचे नमुने, संध्याकाळी संघटनेचे मेल. पहिला मेल मी फार नम्र लिहिला होता. आज वाचला की माझीच मला लाज वाटते.

तीन महिन्यांनी उत्तर आलं, की चॅम्पियनच्या उजव्या हाताला दुखापत आहे, डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे, चार महिने मुदतवाढ दिली आहे.

"हाताचं हाड बरं व्हायला वेळ लागतोच," नवरा म्हणाला. "मलाबी झालंतं एकदा."

त्याच आठवड्यात चॅम्पियनच्या पेजवर एक व्हिडिओ आला. चुलत भावाच्या लग्नात तो ढोल बडवत होता. टिपरू उजव्या हातात. पुढच्या आठवड्यात दुसरा व्हिडिओ, पॅडवर ठोसे मारतानाचा, उजव्या हाताचे. मी दोन्ही डाउनलोड करून संघटनेला पाठवले आणि फेसबुकवरही टाकले. मेलच्या शेवटी लिहिलं, की ज्या हातानं ढोल वाजतो त्या हातानं लढताही येतं. या वाक्याचा मला बराच अभिमान होता.

उत्तर आलं, प्रकरण विचाराधीन आहे.

हा काळ बाहेरून काहीच न घडणारा दिसतो, पण ज्याला लढायचंय त्याच्यासाठी तसा नसतो. तारीख कधीही येऊ शकते, म्हणून अंगात फार वजन चढू द्यायचं नाही. दुसऱ्या लढती घ्यायच्या नाहीत, कारण हरलो तर नंबर गेला आणि डोळ्यावर चीर पडली तरी लढत गेली. नवऱ्यानं सात महिने भाताला हात लावला नाही. सकाळी तराजूवर उभा राहायचा, आकडा बघायचा आणि त्यावर त्याचा दिवस ठरायचा. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. ती रोज विचारायची, "पप्पा की फाइट कब है?" आधी आम्ही सांगायचो, पुढच्या महिन्यात. नंतर नवरा चिडायला लागला. एकदा तो तिच्यावर असा ओरडला की तिनं पुन्हा कधीच विचारलं नाही. त्याचाही राग मी त्या ढोलवाल्याच्याच खात्यावर टाकला.

चार महिने संपले. आता तरी तारीख, असं वाटलं, तर पोस्टर आलं चॅम्पियनच्या दुसऱ्याच लढतीचं. संघटनेनं विशेष परवानगी दिली होती. दुखापतीनंतर चॅम्पियनला 'सरावासाठी' एक ऐच्छिक लढत, प्रतिस्पर्धी त्याच्याच पसंतीचा. नियमपुस्तकात तसं पोटकलम खरोखरच होतं.

लढत झिरकपूरच्या एका मॅरेज पॅलेसमध्ये होती. जिथं एरवी नवरा-नवरीचं सिंहासन मांडतात तिथं रिंग, वर झुंबरं. आम्ही तिकिटं काढून गेलो. प्रतिस्पर्धी कुठल्यातरी लांबच्या देशातून आणला होता. पोट सुटलेला, चाळिशीचा, चेहऱ्यावर विमानाचा शीण. दुसऱ्या राऊंडमध्ये बरगडीवर ठोसा बसला आणि तो खाली बसला तो उठलाच नाही. मला तर तो बसल्यावर सुटल्यासारखा वाटला. चॅम्पियननं माइक घेतला आणि हात पसरून म्हणाला, की या वजनगटात माझ्यासमोर उभं राहायला कोणी आहे का? मी कुणालाही नाही म्हणत नाही.

मी खुर्चीवरून उठले. "खोटारड्या!" मी ओरडले. "हा काय समोर बसलाय! दिसत नाही का तुला?"

त्या अख्ख्या हॉलमध्ये माझं मराठी कळणारा एकच माणूस होता आणि तो माझा हात खाली ओढत होता. चॅम्पियननं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. ओळखलं. हसला आणि माइकवर म्हणाला, "भाभीजी भी आई हैं! भाभीजी के लिए ज़ोरदार ताली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी माना माझ्याकडे वळल्या, हसऱ्या, कौतुकाच्या. मी उभी होते आणि माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या. कुणी तोंडात मारली असती तर परवडलं असतं.

घरी येताना नवरा एवढंच म्हणाला, "पुन्यांदा मी एकटा येईन."

त्यानंतर माझ्या मेलमधला नम्रपणा संपला. कलम, पोटकलम, तारखा, व्हिडिओ, आणि शेवटी तेच ढोलाचं वाक्य. दर पंधरा दिवसांनी एक मेल, आणि प्रत्येक मेल फेसबुकवर सगळ्यांना वाचायला. कोचसाहेब म्हणाले, "बेटा, इतनी लड़ाई तो तेरा आदमी भी नहीं लड़ता." मला ते कौतुक वाटलं होतं.

अखेर संघटनेच्या सचिवांनी आम्हाला सेक्टर ३५ मधल्या एका कॅफेत बोलावलं. निवृत्त, पांढऱ्या मिशांचे, फार हळू बोलणारे गृहस्थ. मुलीसाठी त्यांनी चॉकलेट आणलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की चॅम्पियनला परदेशात एक मोठी लढत मिळतेय. देशाचं नाव होईल. फौजी साहेबांनी एकदाच बाजूला व्हावं. त्याबद्दल त्यांना रक्कम मिळेल, आणि पुढची लढत त्यांच्याशीच, हे लिहून देतो. बॉक्सिंगमध्ये ही रीतच आहे, बाजूला होण्याचे पैसे सगळीकडे देतात.

रक्कम नवऱ्याच्या सातही लढतींच्या एकूण कमाईपेक्षा जास्त होती. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही विकायला बसलेलो नाही. तारीख द्या, नाहीतर बेल्ट काढून घ्या. नाहीतर मी कोर्टात जाते."

सचिव माझ्याकडे बघतच राहिले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "आपका भी यही कहना है?"

"जी," नवरा म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्यानं चावी फिरवली नाही. "इचारायचं तरी हुतं मला."

"तू बोलला का नाहीस मग?"

"तू बोलायला जागा ठेवलीस व्हय?"

"पैसे घेणार होतास?"

"म्हाईत न्हाई. पण इचारायचं हुतं."

मी भांडले. त्याच्याच बाजूनं भांडतेय, असंच मला तेव्हा वाटत होतं.

कोर्टाच्या धमकीनं म्हणा किंवा आणखी कशानं, तारीख मिळाली. जून महिना. आता नवरा जगायचाच त्या तारखेसाठी. भर उन्हात प्लास्टिकचा सूट घालून घरामागच्या पार्कात धावायचा. बाकावरच्या बायका त्याला बघून पदरानं वारा घ्यायच्या. गालांची हाडं वर आली, आवाज बारीक झाला. शेवटच्या आठवड्यात तर तो च्युइंगम चघळून थुंकी बाटलीत थुंकायचा, तेवढंच पाणी अंगातून कमी व्हावं म्हणून. मी ती बाटली रोज धुवायचे.

लढतीला पाच दिवस उरले असताना चॅम्पियननं आपल्या पेजवर लिहिलं, "या वजनगटात मला आता काही सिद्ध करायचं उरलेलं नाही. मी बेल्ट सोडतोय आणि वरच्या वजनगटात जातोय. सगळ्यांच्या प्रेमाबद्दल आभार."

नवरा बाथरूममध्ये होता. गरम पाण्याच्या वाफेत बसला होता. मी दार उघडून फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं. ओठ फुटलेले होते.

"पाणी दे," तो म्हणाला.

मी बाटली आणली. त्यानं एका दमात संपवली. दुसरी मागितली, तीही संपवली. मग तिथंच, त्या ओल्या फरशीवर, ओकला. मी पाठ चोळत होते आणि तोंडानं त्या माणसाला शिव्या देत होते. माझ्या आईनं ऐकल्या असत्या तर माझी पीएचडी काढून घेतली असती अशा. नवरा म्हणाला, "गप की जरा." मी गप्प झाले नाही.

रिकाम्या बेल्टसाठी पहिल्या आणि दुसऱ्या नंबरची लढत ठेवली. दुसरा नंबर म्हणजे रेल्वेत नोकरी करणारा एक सरळ माणूस. दहा राऊंड दोघं एकमेकांना धरून राहिले आणि नवरा गुणांवर जिंकला. बघायला कंटाळवाणी लढत. पण बेल्ट आमचा होता. सदतिसाव्या वर्षी माझा नवरा देशाचा चॅम्पियन झाला होता.

तो बेल्ट कमरेला बांधायला संघटनेनं प्रमुख पाहुणा म्हणून कुणाला बोलवावं? माजी चॅम्पियनला. तो सूट घालून रिंगमध्ये चढला, नवऱ्याच्या मागे उभा राहिला, बक्कल लावली आणि त्याचा हात वर केला. माइकवर म्हणाला, "मेरी अमानत सही हाथों में है."

आणि नवरा हसला. खोटं नाही, मनापासून हसला. सगळ्यांनी मला फोटोसाठी वर बोलावलं. मी गेले नाही. त्या फोटोत नवरा आहे, तो आहे, सचिव आहेत आणि मधे आमची मुलगी त्या माणसाच्या कडेवर आहे. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तोच फोटो फिरला. अभिनंदनाचे तीनशे निरोप आले. एकालाही मी उत्तर दिलं नाही.

मी इथं थांबले असते तर ही आमच्यावरच्या अन्यायाची गोष्ट झाली असती. पुढचं लिहायला मला जास्त जड जातंय.

काही महिन्यांत नवीन पहिल्या नंबरचा चॅलेंजर आला. खरडजवळच्या एका खेड्यातला, बावीस वर्षांचा, डावखुरा. कोचसाहेबांनी त्याची लढत जाऊन पाहिली आणि परत येऊन शेडमध्ये खुर्चीवर बसले. म्हणाले, "जितना टाल सकते हो, टालो. एक साल में लड़का या तो बिगड़ेगा या वज़न बढ़ाएगा."

त्या रविवारी नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "खांदा दुखतोय," म्हणाला. "डावा. एक मेल लिहितीस?"

खांदा दुखत होता हे खरं. सदतीस वर्षांच्या बॉक्सरचा खांदा कधी दुखत नाही? त्यानं एमआरआय काढून आणला. त्यात जुनी झीज होती. ज्या झिजेसकट तो सात लढती जिंकला होता, रेल्वेवाल्याला हरवून बेल्ट घेऊन आला होता, तीच झीज.

"किती महिने?" मी विचारलं.

"चार माग. मग बघू."

मी नाही म्हणू शकले असते. का म्हटलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय, आणि प्रामाणिक उत्तर असं आहे की नाही म्हणण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. माझ्या मनात आलं ते हे, की मिळालंय ना आता, मग राहू दे आमच्याकडे. आम्ही दोन वर्षं भोगलंय. मी लॅपटॉप उघडला. कुठलं पोटकलम लावायचं हे मला शोधावं लागलं नाही. अर्ध्या तासात मेल तयार झाला. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. अहवाल जोडला, मुदत मागितली, खिलाडूवृत्तीनं सहकार्य कराल अशी आशा व्यक्त केली. त्या ढोलवाल्याच्या वकिलाला इतका चांगला मेल लिहिता आला नसता.

मुदत मिळाली. लगेच.

मग मला एका अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. त्या मुलाची मोठी बहीण. शाळेत शिकवते. भावाची कागदपत्रं तीच बघते. पहिल्या वेळी मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे. दुसऱ्या वेळी उचलला नाही. तिसऱ्या वेळी नंबर ब्लॉक केला.

एका दुपारी संस्थेच्या गेटवरून सुरक्षारक्षकाचा फोन आला की कुणी मॅडम भेटायला आल्यात. मी बाहेर गेले. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, सुती सलवार-कमीज, खांद्याला शाळेची पिशवी, हातात प्लास्टिकचं फोल्डर. नमस्ते वगैरे काही नाही. तिनं फोल्डर उघडून एक छापील कागद माझ्यापुढे धरला.

"ये आपने लिखा था?"

माझाच मेल होता. फेसबुकवरून छापून घेतलेला. कलमं, तारखा आणि शेवटी ते ढोलाचं वाक्य.

"हो," मी म्हटलं.

"आपसे अच्छी चिट्ठी मुझे लिखनी नहीं आती," ती म्हणाली. "इसलिए आपकी ही भेज दी. बस नाम बदल दिए."

मग तिनं फोन काढून व्हिडिओ लावला. शेडच्या उघड्या शटरमधून रस्त्यावरून घेतलेला. माझा नवरा पंचिंग बॅगवर डाव्या हातानं मारत होता. हुक, हुक, मग पोटात. बॅग छताला लागत होती. एवढा सुंदर डावा हात मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो राग. हिची हिंमत कशी झाली रस्त्यावरून व्हिडिओ काढायची? माझ्या नोकरीच्या ठिकाणी यायची? मी म्हटलं, "जे काय असेल ते संघटनेला लिहा. माझ्याकडे यायचं काम नाही."

"लिखा है. जवाब भी आया है." कसलं उत्तर, ते तिनं सांगितलं नाही, मलाही विचारायची गरज नव्हती. "मेरा भाई आठ महीने से आलू-रोटी को तरस रहा है. आपको तो पता होगा ना?"

"मला कामं आहेत," मी म्हटलं.

"हाँ," ती म्हणाली. "आपके पास बहुत काम है." फोल्डर बंद करून ती बसस्टॉपकडे चालती झाली. गेटवरचा रक्षक माझ्याकडे बघत होता. मी त्यालाही विनाकारण झापलं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो बुटांच्या नाड्या सोडत होता.

"मग? तिला काय म्हणायचंय?"

"लढ म्हणतेय."

"लढीन की. खांदा बरा झाला की लढीन."

"खांदा बरा आहे. मी व्हिडिओ बघितला."

त्यानं बूट फेकला. माझ्यावर नाही, भिंतीवर. "त्या हरामखोरानं माजी दोन वर्सं खाल्ली. तवा कुणी इचारलं न्हाई. आता मला एक वरीस पाहिजे तर तुझ्या पोटात दुखतंय?"

"त्याची खा ना मग! जा त्याच्या वजनात, आणि त्याला धर. या पोरानं काय केलंय तुझं?"

"तो लढंल व्हय माझ्याशी?"

"नाही. म्हणून तू त्याच्यासारखा झालास."

"आणि मेल कुणी लिवला?" तो म्हणाला. "मी लिवला?"

कोंडीत सापडले की मी काहीतरी करून मोकळी होते. त्याचं मेलचं खातं माझ्याच लॅपटॉपवर उघडलेलं होतं. तो अंघोळीला गेला तेवढ्यात मी त्याच्या नावानं संघटनेला दोन ओळी लिहिल्या. खांदा बरा आहे. चॅलेंजरशी लढायला तयार आहे, लवकरात लवकर तारीख द्यावी. आणि पाठवून दिल्या. तो बाहेर आल्यावर तसं सांगितलं.

त्यानं टॉवेलनं डोकं पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही. घरातले सगळे निरोप मुलीमार्फत, हिंदीतून. "मम्मी, पप्पा कह रहे हैं चाबी कहाँ है." पण पहिल्याच सकाळी पाचला तो उठला आणि धावायला गेला. मेल मागे घ्यायलाही त्यानं काही केलं नाही.

लढत मोहालीतल्या एका इनडोअर स्टेडियममध्ये झाली. पहिले तीन राऊंड नवरा पुढे होता. मला वाटायला लागलं, कोचसाहेब उगाच घाबरले. चौथ्यात त्या पोराला अंतर सापडलं. डावखुऱ्याचा सरळ ठोसा नवऱ्याला दिसतच नव्हता. पाचव्यात भुवई फुटली. सहाव्यात तो एकदा पडला, उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला. आणि रेफरीनं मध्ये हात घातला. मी पहिल्या रांगेत होते. या वेळी मी ओरडले नाही. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "मम्मी, अब बस?" मी म्हटलं, बस.

पलीकडे ती बहीण भावाला मिठी मारून रडत होती. थोड्या वेळानं ती लाडवांचा डबा घेऊन सगळ्यांना वाटत आमच्या बाजूला आली. तिनं नवऱ्यापुढे डबा धरला. त्यानं टाके घालायच्या आधीच, रक्ताळलेल्या तोंडानं एक लाडू घेतला आणि खाल्ला. मग तिनं डबा माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. तिनं क्षणभर वाट पाहिली आणि पुढे गेली. तिचा भाऊ माझ्या नवऱ्यापेक्षा चांगला होता, आणि तरीही मला ती आवडत नाही. हे बरोबर नाही, मला कळतं.

टाके घालून परत येताना नवरा फार बोलत होता. इतक्या महिन्यांचं साठलेलं. पोराचा पाय कसा पडतो, खांदा न हलवता कसा मारतो, तिसऱ्या राऊंडला आपण काय चुकलो. सुजलेल्या डोळ्यानं हसत होता. "लई दिवसांनी कुणीतरी माझ्याशी खरं लढलं," म्हणाला. माझ्यानं ते ऐकवेना. मी म्हटलं, "हरलास तू."

आता तो लढत नाही. शेडमध्ये शिकवतो. त्याचे तीन विद्यार्थी व्यावसायिक झालेत. तो ढोलवाला वरच्या वजनगटातही बेल्ट मिळवून बसलाय आणि तिथल्या पहिल्या नंबरच्या चॅलेंजरला म्हणे पाठदुखीचं कारण दिलंय. संघटनेच्या नियम समितीवरही त्याला घेतलंय. त्याचं नाव निघालं की माझ्या जिभेवर अजून त्याच शिव्या येतात, त्यातली एकही बोथट झालेली नाही.

घरात आम्ही त्या विषयावर बोलत नाही. एकदाच बोललो. मागच्या हिवाळ्यात, गच्चीवर उन्हात बसून तो हरभऱ्याचे घाटे सोलत होता. मी विचारलं, "तुला माझा राग आहे का? तो मेल न विचारता पाठवला म्हणून?"

"दुसऱ्याचा न्हाई," तो म्हणाला. "पयल्याचा हाय."

"तो तर तूच लिहायला सांगितला होतास."

"सांगितला. मी घाबरलोतो, म्हणून सांगितला. तू कशाला लिवलास?"

मी म्हटलं, ही शुद्ध लबाडी आहे, स्वतःचं माझ्या गळ्यात घालायची. तो म्हणाला, असंल. आणि सोलत राहिला. मी रागानं खाली निघून आले. सॉरी मी म्हटलेलं नाही. त्यानंही म्हटलेलं नाही.